बी साइडच्या शेवटी

माझ्या दाराला साधी लिंबू-मिरचीही नाही. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टरच उडवली... म्हणून हे लिहायला वर्षभर धजावलो नाही.

मी शहापूरला राहतो. ऐंशीच्या दशकातले इंग्रजी पॉप अल्बम जमवतो — पहिल्या आवृत्तीच्या कॅसेट्स, ज्यांत पुढे वगळलेलं एखादं गाणं असतं, अशा. त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या, खरखर काढायची, जपून ठेवायच्या. हे वेड मला लावलं मोठ्या भावाने. दादा आमच्या गावी, वैशाखऱ्याला शेती करायचा. इंग्रजीचा गंध नाही, पण कल्याणहून अशी एक कॅसेट आणून तिची पारायणं करायचा. लग्नानंतर चारच वर्षांत काविळीने गेला. कॅसेट माझ्याकडे आली.

पुढे कधीतरी ती उतरवताना बी साइडला, शेवटच्या गाण्यानंतर, दादाचा आवाज लागला. कॅसेटवर नवं रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून वर जी खाच असते, तिच्यावर कागद चिकटवून त्याने उरलेल्या कोऱ्या पट्टीवर रेकॉर्ड केलं होतं. वहिनीला सांगत होता, "तुजी नाकातली चमकी मीच लपवलीवती गो. मस्करी केली. तू रडाया लागलीस, मंग सांगाया लाज वाटली."

आणि मी काय केलं? मूळ आवृत्ती बिघडवली म्हणून चरफडलो. फाईलमधून ते बोलणं कापलं, कॅसेटवरूनही पुसलं आणि ती दुसऱ्या एका संग्राहकाला अदलाबदलीत देऊन टाकली. सख्ख्या भावाचा आवाज... मला तेव्हा तो कचरा वाटला. आज स्वतःची लाज वाटते.

गेल्या साली वहिनीने विचारलं, "भावजी, तुमच्याकडं त्यांचा आवाज हाय का? फोटो हाय माझ्याकडं. आवाज इसरत चाललाय."

सगळं कबूल करायचं ठरवून मी वैशाखऱ्याला गेलो. भर दुपारी ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. कबुली पुढे ढकलली. निदान दादाची गाणी तरी ऐकवावीत म्हणून तिला इअरफोन दिले आणि माझ्या फोनवर तीच साफ केलेली फाईल लावली. शेवटचं गाणं संपलं. त्यापुढे बारा सेकंद निव्वळ शांतता आहे, मीच ठेवलेली. फोन घ्यायला हात पुढे केला तर तिने थांबवलं. ऐकत राहिली. हसली, मग पदर तोंडाला लावून रडली.

"चमकी यांनीच लपवलीवती," ती म्हणाली. "मी उगा सासूबायवर आळ घेतला."

त्या रेकॉर्डिंगबद्दल मी कुणाकडे एक अक्षर बोललो नव्हतो. घाईघाईने इअरफोन माझ्या कानात घातले, पुन्हा लावलं. काहीच नाही.

"किती जपून ठेवलंत, भावजी," ती म्हणाली. त्यावर खरं सांगायचं धैर्य झालं नाही... अजूनही झालेलं नाही.

फाईल जाणकार मित्राकडूनही तपासून घेतली. शेवट कोराच आहे. हे कसं होतं, मला ठाऊक नाही. तीच फाईल वहिनीच्या फोनवर टाकून दिली. ती रोज ऐकते, दादा तिच्याशी बोलतो. मीही रोज लावतो. माझाही भाऊच होता की तो... माझ्याशी मात्र बोलत नाही.