वयनीच्या गाऊनवरचा फोटो

"थंड जांव दी गो, मागीर काड," भाऊ म्हणायचे. इस्त्री उचलली की कागदावर हाताची पालथी बाजू धरायचे आणि ऊब जाईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मला कागद सोलून चित्र बघायची घाई. त्यांना ती कधीच नसे.

कोरगावात ते आमचे शेजारी. उभा जन्म पेडणे-म्हापसा बसवर कंडक्टर होते. तालुक्यात त्यांचा चेहरा ओळखत नाही असा माणूस विरळा. काम सुटल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घडी करून अंथरली आणि कापडावर चित्रं उठवायचा उद्योग मांडला. खास कागदावर चित्र छापायचं, कापडावर पालथं घालायचं, वरून कडक इस्त्री दाबायची. कागदावर अक्षरं उलटी छापावी लागतात हे ठाऊक नव्हतं, म्हणून गावच्या फुटबॉल टीमचे पहिले सगळे शर्ट उलट्या नावांचे निघाले. पोरं चिडली, तर म्हणतात कसे, "विरुद्ध टीमीक तुमचीं नांवां कित्याक कळूंक जाय?"

मग त्यांची बायको, आमची वयनी, विसरायला लागली. आधी आमटीतलं मीठ, मग वार, मग घर. एका शुक्रवारी गाऊनवर टुवाल टाकून बाहेर पडली ती म्हापशाच्या बाजारात पोचली. गाव सांगता येईना, स्वतःचं नाव आठवेना. बायांनी विचारलं, "घोव कोण तुजो?" वयनीनं मान खाली घातली. "तांचें नांव घेवचें न्हय," एवढंच म्हणाली. सगळं पुसलं गेलं होतं, पण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं हे पक्कं होतं. संध्याकाळी ओळखीच्या मासेवालीनं तिला आणून सोडलं, तोवर भाऊ स्टँडवरच्या प्रत्येक बसमध्ये डोकावत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं नाव, गाव आणि फोन नंबर तिच्या गाऊनवर उठवला. वयनी चौथी शिकलेली. तिनं वाचलं आणि गाऊन अंगाला लावू देईना.

"तुमचें नांव आंगार घेवन भोंवूं? लोक कितें म्हणटले?"

भाऊ रागावले नाहीत. साधे पांढुरके गाऊन घेऊन आले आणि खिशाच्या जागी आपला फोटो उठवला, खाकी सदऱ्यातला.

"हें नांव न्हय मगो. फोटो चलता?"

वयनीनं फोटोवरून बोट फिरवलं आणि नव्या नवरीसारखी लाजली. "चलता," म्हणाली.

गाव आधी हसलं. म्हातारपणी कसली थेरं, म्हणालं. पण पुढे कधी मांद्र्याहून, कधी हळर्णहून बसवाले तिला हाताला धरून आणू लागले. आमच्या भाऊंचा चेहरा, दुसरीकडे कुठे सोडणार? एकदा तिला आत नेऊन बसवल्यावर भाऊ मला म्हणाले, "म्हजें तोंड तिच्या कामाक येता, तितलें पुरो."

गेल्या पावसाळ्यात भाऊ झोपेतच गेले. सून येऊन राहिली. ते गेल्याचं वयनीला कळलं की नाही, देव जाणे. गाऊन धुऊन धुऊन फोटोला भेगा पडल्या, नाक-डोळे निघून गेले. गेलेल्या माणसाचा चेहरा पुन्हा तिच्या अंगावर उठवायला माझा हात धजला नाही, सुनेचाही नाही.

परवा वयनी पुन्हा निसटली. आम्ही शोधायला निघणार तेवढ्यात दारासमोर बस थांबली. कंडक्टर नवा, बेळगावकडचा. त्यानं तिला सांभाळून उतरवलं.

"गाव इचारलं तर सांगता येईना," तो म्हणाला. "मग ह्या फोटोत कोण हाय इचारलं, तर आजीनं धडाधड नाव सांगितलं, आडनावासकट. बसमधल्यांनी लगेच वळखलं. बरं झालं बघा."

"बरं झालं," मी म्हणाले. बस गेली. मी वयनीचा हात धरला आणि फोटोवर बोट ठेवून हळूच विचारलं, हे कोण?

तिनं भाऊंचं पूर्ण नाव घेतलं. मान वर करून, गावातल्या कुणाचंही घ्यावं तसं. मला रडू आवरेना. वयनी माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"रडूं नाका गो बाय," म्हणाली. "तुजे कोण ते?"