अक्काच्या बाटलीतला अर्धा वाटा

अक्का सावद्याला दिलेली आणि मी साक्रीकडच्या एका खेड्यात. मधे धुळं आणि जळगाव. दोन-तीन गाड्या बदलल्याशिवाय बहीण दिसत नाही, म्हणून आमच्यात माणसांपेक्षा पिशव्यांचंच येणं-जाणं जास्त. तिच्याकडून केळीचे वेफर, उडदाचे पापड, लोणच्याची बरणी यायची. माझ्याकडून नागली, भुईमुगाच्या शेंगा, डोंगराकडचा नवा तांदूळ जायचा. याला आम्ही वानोळा म्हणतो. घरात नवीन काही आलं की त्यातलं थोडं आपल्या माणसाला पोचवायचं. आणि ज्या पिशवीतून वानोळा आला, ती पिशवी कधी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर मूठभर दाणे तरी घालायचे.

अक्काचं मात्र थोडं नसायचं. तिचं अर्धं असायचं.

ही सवय मायनं लावलेली. आम्ही दोघीच बहिणी. गुळाचा खडा असो नाहीतर तव्यावरची शेवटची भाकरी, माय ती अक्काच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तू मोड, धाकली उचली." मोडणारीनं मागून घ्यायचं, म्हणजे लबाडी होत नाही आणि भांडणही होत नाही. अक्का दोन्ही हात पुढे करून उभी राहायची. मी या हाताकडून त्या हाताकडे बघत बसायचे.

"उचल ना वं! मुहूर्त देखस का?"

कुठल्याच हातात जास्त नसायचं. तरी मला वाटायचं, अक्का आपल्या वाट्यातलं थोडं चिमटून माझ्याकडच्या हातात सरकवते. पण मी कुठल्या हातातलं उचलणार हे तिला कसं कळणार, हे काही त्या वयात सुचलं नाही.

माय लवकर गेली. कमरेनं रुंद होती, जिना चढली की धापा टाकायची. लोक म्हणायचे, खात्यापित्या घरची बाई आहे. शेवटी साखर निघाली, मग छातीचं दुखणं. त्याआधी कधी कोणी तिचं रक्त तपासलंच नव्हतं. अक्कानं मला जवळ घेतलं आणि तेव्हापासून ती माझी मायच झाली. माझ्या बाळंतपणांनाही तीच आली.

काही वर्षांपूर्वी तिच्या गावात मोठ्या दवाखान्याची माणसं आली. साखर, बीपी कोणाला होतं, का होतं, ते शोधत होती. टेपनं कंबर मोजत होती, रक्त नेत होती. अक्काच्या रक्तात सेलेनियम म्हणून काहीतरी असतं, ते कमी निघालं. ते आपल्याला धान्यातून मिळतं आणि धान्य ते जमिनीतून घेतं, एवढं तिला समजलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. तेव्हा तिचे केस गळत होते, दुपारी भांडी घासतानाही तिला थकवा यायचा. गोळ्यांनी ती उभी राहिली. निदान ती तसं सांगायची, आणि आवाजावरून मलाही ते खरं वाटायचं.

माझ्या नातवाच्या जावळाला ती आली तेव्हा पाहुणे गेल्यावर तिनं पिशवीतून बाटली काढली. ताटलीत गोळ्या ओतल्या आणि बोटानं त्यांचे दोन ढीग केले.

"उचल."

"मले काय व्हयेल शे, अक्का?"

"तू बी थकेलच दिखस. मले लागू पडनं ना? एकाच मायना पोटनं रगत शे आपलं, तुले कसं नही पडी?"

दाजी पलंगावर बसून हसत होते. "डॉक्टरनं हिले लिहून दिलं, अन् ही सगळ्या खानदेशाले वाटते." ते सावद्याचे, त्यांची बोली आमच्यापेक्षा वेगळी. "बठ्ठा खानदेशले नही," अक्का म्हणाली, "मनी बहीनले."

मी एक ढीग उचलला. बाटलीवर इंग्रजी होतं. चौथी शिकलेल्या मला ते वाचता आलं नाही, आणि वाचायची गरजही वाटली नाही. अक्कानं दिलं म्हणजे विचारायचं काय राहिलं? पुढे तिची नवी बाटली आली की पापडांच्या थप्पीत कागदाची एक पुडी यायची. रोज सकाळी गोळी घेताना वाटायचं, अक्काही आता तिकडे घेत असेल. मला बरं वाटायचं ते गोळीनं की त्या आठवणीनं, हे आता सांगता येत नाही.

पोट सुटायला लागलं तेव्हा मी वयावर ढकललं. ब्लाऊजच्या शिवणी उसवून झाल्या. मग एकदा शेतातून येताना बांधावरच डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मुलानं मला धुळ्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी लुगड्यावरून कंबर मोजली. मला इतकी लाज वाटली की मी सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. कंबर जास्त, बीपी जास्त, साखर वाढलेली, रक्तात चरबी. एवढं सगळं एकत्र जमलं की त्याला एक लांब नाव आहे. ते वेळीच आवरलं नाही तर पुढे हृदयाला धोका, असं त्यांनी सांगितलं. मला माय दिसली.

"काही गोळ्या घेता का, मावशी?"

मी कनवटीची पुडी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी विचारलं तसं सगळं सांगितलं. त्यांनी आणखी एका तपासणीला रक्त पाठवलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा कागद बघून म्हणाल्या, "हे सेलेनियम तुमच्या रक्तात गरजेपेक्षा बरंच जास्त झालंय. कमी पडलं तरी वाईट, फार झालं तरी बरं नाही. जास्त असलं की काही जणांची साखर वाढताना दिसते. पण गोळ्यांमुळेच तुम्हाला हे सगळं झालं, असं मी म्हणणार नाही. आईलाही होतं ना? आता गोळ्या बंद करा."

"पण अक्काले तर लागू पडन्यात," मी हळूच म्हटलं.

"त्यांच्याकडची जमीन वेगळी, तुमच्याकडची वेगळी. आणि जमीन एक असती तरी दोन बहिणींचं अंग एक नसतं. आईबापाकडून कोणाला काय मिळालं, ते बाहेरून दिसत नाही. तिला पुरतं तेवढं तुम्हाला जास्त होऊ शकतं."

गाडीत बसल्यावर मी त्याचाच विचार करत होते. मायनं गूळ वाटला, भाकरी वाटली, सगळं आमच्या डोळ्यांदेखत. पण आम्हाला पोटात घडवताना कोणी दोन हात पुढे करून दाखवले नव्हते. कोणी मोडलं, कोणी उचललं, काही कळलं नाही.

अक्काला हे कसं सांगायचं, की सांगायचंच नाही, ते माझं ठरत नव्हतं. तेवढ्यात तिचाच फोन आला, आणि तो आमच्या मालकांनी उचलला. त्यांचा स्वभाव थट्टेचा. वाईट त्यांच्या मनात नव्हतं.

"अक्का, तुमन्या गोळ्यास्नी हिले डबल करी टाकं! आते लुगडं बी डबल लागी. डॉक्टरीन म्हणे, गोळ्या बंद!"

मी हात लांबवला, पण फोन ओढून घेण्याइतका नाही. मग अक्कानं मला फोनवर बोलावलं.

"साखर निंघनी का?"

"थोडीच शे."

"मनामुये? मन्या गोळ्यास्नी?"

"नही वं," मी म्हटलं. पण माझा आवाज मुळातच इतका बारीक की माझं 'नाही' हे 'नाही' वाटतच नाही. आयुष्यभर लोकांनी माझ्या 'नाही'ला 'हो' समजूनच कामं सांगितली आहेत. अक्का "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर पिशवी आली नाही. मी नागली पाठवली. ज्याच्या हातून पाठवली त्याच्याच हातून माझी पिशवी परत आली. स्वच्छ धुतलेली, चार घड्या घातलेली, रिकामी. मी ती उलटी करून झटकली. शिवणीतही दाणा नव्हता.

मग मीच तांदूळ घेऊन सावद्याला निघाले. साक्री ते धुळे, धुळे ते जळगाव, सगळ्या वाटेत मी एकच वाक्य मनात घोकत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलंच वाक्य होतं ते. त्यानं अक्काच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, असं मला वाटत होतं. सावद्याच्या अलीकडचं फैजपूर मागे पडेपर्यंत ते मला पाठ झालं होतं.

अक्का दारातच होती. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हात धरून घरात नेलं. पण स्वयंपाक बघितला तर माझा वेगळा. साखरेच्या माणसाला काय चालतं, ते तिनं कोणाकोणाला विचारून ठेवलं होतं. माझ्या ताटात बिनतेलाचा दुधी, बेतानं मीठ. बाकीच्यांना वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

दाजी जेवून बाहेर गेल्यावर मी धीर केला.

"अक्का, डॉक्टरीनबाई म्हने, आपलं दोन्हीसनं अंग एक नही शे. तुनी काही चूक नही."

मला वाटलं होतं, ती दुसरं वाक्य ऐकेल. तिनं पहिलंच ऐकलं.

"हां," ती म्हणाली. "एक नही शे. मीच उगा एक समजी बसनू."

ती उठून चुलीकडे गेली आणि तव्यावरची भाकरी उलटवत बसली. भाकरी केव्हाच भाजून झाली होती.

मला नीट बोलता येत नाही, म्हणून मग मी दुसरं केलं. टोपल्यातली एक भाकरी घेतली, मधोमध मोडली आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले. आयुष्यात पहिल्यांदा मी मोडली होती.

"उचल, अक्का."

तिनं दोन्ही तुकड्यांकडे बघितलं. क्षणभर तिचा हात पुढे येतोय असं वाटलं. मग तिनं तो पदराला पुसला.

"तुनी तू खाय, माय. पन डॉक्टरले इचारीसन खाय. तुले काय चालस, मले आते काय माहीत?"

रागानं बोलली असती तर मी भांडले असते, रडले असते. ती प्रेमानंच बोलली. माझ्या अंगाची तिला भीती बसली होती.

निघताना ती स्टँडवर आली. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहून साखरेच्या गोळ्या वेळेवर घे, चालत जा, असं सांगत राहिली. माझी पिशवी तिनं धुऊन, घडी घालून दिली होती. जळगाव येईपर्यंत मी ती उघडली नाही. उघडली तेव्हा रिकामीच होती.

आता माझी साखर आटोक्यात आहे. रोज सकाळी मी बांधापर्यंत चालून येते. अक्काचा फोन येतो, ती तब्येत विचारते, नातवाचं विचारते. नवा तांदूळ आला की मी घोंगडी अंथरून त्याचे दोन ढीग करते, अगदी सारखे. एक सावद्याला जायचा असतो. पिशवी भरण्याआधी थोडी थांबते. आधी तिनं उचलायचं असतं ना.