विहाराच्या पायरीवर यल्लव्वा

भाऊसो कांबळे माइकसमोर उभा राहिला की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, असं नेसरीकडची माणसं म्हणतात. एसटीत कंडक्टर होता तेव्हा गडहिंग्लजच्या स्टँडवर त्यानं हाळी दिली की पार बाजारातली माणसं पिशव्या सांभाळत पळत यायची. रिटायर झाल्यावर तो गळा त्यानं बाबासाहेबांच्या कामाला लावला. कुणाचं रेशन अडलं, कुणाच्या पोरीची शिष्यवृत्ती अडकली, की भाऊसो दारात हजर.

यंदाच्या उन्हाळ्यात पाण्याचा विषय निघाला. नव्या टाकीचं पाणी वरच्या आळीत नळानं येत होतं, पण बौद्धवाड्यात नि पलीकडच्या मातंग वस्तीत पाइपच पोचला नव्हता. तहसीलदार कचेरीवर घागर मोर्चा काढायचं ठरलं. पण एकट्या बौद्धवाड्याच्या बायका त्या किती? मातंग वस्ती बरोबर आली तरच मोर्चा दिसणार होता, आणि ती वस्ती चालायची यल्लव्वाच्या शब्दावर. म्हणून विहारातल्या बैठकीचं आवतण द्यायला भाऊसो स्वतः तिच्याकडं जाऊन आला.

यल्लव्वा जोगतीण. बैठकीच्या दिवशी मंगळवार होता. जोगवा मागून ती तशीच आली, डोक्यावर यल्लम्मा देवीचा जग घेऊन. जग म्हणजे टोपलीत बसवलेला देवीचा मुखवटा, वर मोरपिसं आणि हळदीकुंकवाचा लेप.

भाऊसो दारातच आडवा आला. त्याच्या बापानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते, आणि आता बुद्धमूर्तीसमोर यल्लम्मा आणून बसवायची?

"अक्का, तुमी या. पर ते भायेर ठेवून या."

"आईला कुटं ठेवू? गटारीच्या कडंला?"

एवढंच बोलून यल्लव्वा जग मांडीवर घेऊन पायरीवर बसली. तिच्याबरोबरच्या बायाही मग उन्हातच टेकल्या.

आत भाऊसो रंगात आला होता. बापाची गोष्ट ही त्याची ठेवणीतली. वरच्या आळीत बाप कामाला जायचा. तहान लागली की ओसरीखाली बसून ओंजळ पुढं करायची, नि वरनं कुणीतरी तांब्यातनं धार सोडायचं. या जागी बायका हमखास पदर डोळ्याला लावत. तेवढ्यात त्याची सून शिवानी पायरीकडं पाणी घेऊन गेली. यल्लव्वानं तांब्या हातात घेतलाच नाही. जुन्या सवयीनं तिनं ओंजळ पुढं केली. वरच्या पायरीवरून शिवानीनं धार सोडली.

दारातनं ते दिसलं नि भाऊसोचा शब्द तोंडातच राहिला. लोकांना वाटलं, माइक गेला. माइक सांभाळणाऱ्या प्रसेनजीतनं उठून वायर हलवून बघितली. माइक चालू होता.

बैठक कशीबशी उरकून तो बाहेर येईतो पायरी रिकामी झाली होती.

घरी त्यानं भाकरीचं ताट बाजूला सारलं. विहाराला शिस्त नको काय, असं त्यानं शिवानीला दोनदा सुनावलं. मग त्याचं त्यालाच आठवलं, वरच्या आळीची माणसंही बापाला शिस्तच सांगायची. अंगावरचा सदरासुद्धा त्याला नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो यल्लव्वाच्या दारात जाऊन उभा राहिला. उंबरा ओलांडायचा धीर होईना.

"आत या की, पावणं," ती म्हणाली. जन्माची ओळख, आणि पावणं! "आमच्या आईला तुमचं वावडं न्हाय."

तो देवीच्या कोनाड्यासमोर घोंगड्यावर बसला. माफीचं वाक्य वाटभर घोकून आला होता, पण अख्खा स्टँड हलवणाऱ्या गळ्यातून ते काही निघेना. चहा आला. तो प्यायला लागला.

"मोर्च्याला येतो आमी," यल्लव्वा म्हणाली. "पाणी आमालाबी पायजे. पर म्होरं मी चालणार, आन् आई माझ्या डोक्यावर असणार. तुमच्या मानसास्नी काय सांगायचं ते तुमी सांगा."

भाऊसोनं मान हलवली.

"आन् बाच्या ओंजळीचं लई चांगलं सांगता हं तुमी. भायेर समदं ऐकू येत हुतं."

भाऊसो खाली मान घालून कपाच्या बुडाचा गाळ बघत बसला.