सोळा खांबांचा नकाशा

जॉर्ज टाउनमधल्या त्या पेरुमाळाच्या, म्हणजे तमिळ लोकांच्या विष्णूच्या, देवळात सुनेत्राबाईंना डोळे मिटून फिरता आलं असतं. पूर्वेचं पाच मजली गोपुर, आत बलिपीठ, ध्वजस्तंभ, देवाकडे तोंड करून हात जोडलेला गरुड. गाभाऱ्याच्या एका अंगाला तायारची, म्हणजे लक्ष्मीची, सन्निधी. मागे मारुतीचं एवढंसं देऊळ. आणि दक्षिणेच्या बाजूला सोळा दगडी खांबांचा मंडप. पुढच्या चार खांबांवर याळी होते, तोंड सिंहाचं नि सोंड हत्तीची. आतल्या एका खांबावर पागोटंवाला, मिशाळ पुरुष कोरलेला होता. त्यांचे वडील, अप्पा, म्हणायचे, हा आपल्यातलाच कुणी, तंजावरचा मराठी माणूस.

अप्पा गेले तेव्हा सुनेत्रा बावीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ बालाजी नऊचा. सरकारी बांधकाम खात्यात तिला ट्रेसरची नोकरी मिळाली. साहेबांनी काढलेले नकाशे पातळ कागदावर शाईने उतरवायचे, एवढंच काम. पुढे ती स्वतः नकाशे काढू लागली आणि मुख्य ड्राफ्ट्समन होऊन रिटायर झाली. लग्न केलं नाही. बालाजीला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, त्याची मुलगी सौम्या हिला अंगाखांद्यावर खेळवलं. बालाजीचे बालाजीराव झाले आणि देवळाच्या ट्रस्टवर गेले तेव्हा बाईंनी मारुतीला वडमाळ, उडदाच्या वड्यांची माळ, घातली.

दोन हजार बावीसच्या जूनमधली गोष्ट. बालाजीराव सकाळीच बहिणीकडे आले आणि कॉफी हातात घेऊन म्हणाले, "अक्का, मंडपाचा पाया बसलाय. स्थपती सांगिटले, सगळा उतरवायचा, नवा पाया घालायचा, आणि होता तसाच उभा करायचा. दगडन् दगड मोजून नकाशा पाहिजे. तुजशिवाय कोण करेल?"

"होता तसाच?"

"होता तसाच. अप्पांची शपथ."

बाई अडुसष्ट वर्षांच्या. तरी दोन महिने रोज सकाळी टेप, ओळंबा आणि वही घेऊन त्या मंडपात जात होत्या. खांबांमधलं अंतर साडेसात फूट. प्रत्येक खांबाची बैठक, दांडा, वरचा हात, त्यावरच्या तुळया, छताच्या फरश्या, सगळं मिळून दोनशे बारा दगड. प्रत्येकावर त्यांनी पांढऱ्या रंगाने आकडा घातला आणि तोच आकडा नकाशात लिहिला. इतकं समाधान त्यांना नोकरीत कधी लाभलं नव्हतं.

अडचण एकाच माणसाची होती. राघोत्तम, रिटायर झालेले शाळामास्तर, रोज मारुतीपुढे बसणारे. मंडपाला हात लावू नये म्हणून त्यांनी चारशे सह्या गोळा केल्या होत्या आणि कोर्टात जायच्या बेतात होते.

"त्यांना तूच सांग, अक्का," बालाजीराव म्हणाले. "तुझं ऐकतील."

बाईंनी नकाशे मास्तरांच्या घरी नेले, जमिनीवर पसरले. मास्तरांनी गुडघे टेकून एकेक आकडा वाचला. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "तू शब्द देतेस?"

"मी देते."

मास्तरांनी सह्यांचे कागद कपाटात ठेवून दिले.

मंडप ऑक्टोबरात उतरवला. मग पाऊस लागला. पाऊस संपला तर स्थपती गावी गेले होते. ते आले तर कामगार नव्हते. बाई विचारत, बालाजीराव उत्तर देत, बाई मान डोलावत.

फेब्रुवारीत एका सकाळी दर्शनाला गेल्या, तर रिकाम्या जागेवर चुन्याने रेघा मारलेल्या. बाई थांबल्या. छत्तीस वर्षं त्यांनी असल्याच रेघा कागदावर ओढल्या होत्या. पावलं टाकून त्यांनी अंतर मोजलं. साडेसात नव्हे, वीस फूट. मधे एकही खांब नाही.

तिथे एक तरुण इंजिनिअर उभा होता. बाईंनी त्याला विचारलं, "तंबी, हे कशाचं आखलंय?"

"कल्याण मंडपम, मामी. लग्नाचा हॉल. वर जेवणाचा मजला." त्याने उत्साहाने नकाशा उलगडून दाखवला. बाईंची नजर सवयीने उजव्या कोपऱ्याकडे गेली, जिथे तारीख असते. मंजुरी गेल्या वर्षीच्या एप्रिलची होती. बालाजीराव त्यांच्याकडे आले होते जूनमध्ये.

तारीख त्यांनी पुन्हा वाचली. नकाशावर ठळक अक्षरांत हॉलचं नाव होतं: त्र्यंबकराव स्मारक मंडपम. अप्पांचं नाव.

त्या पायीच भावाच्या घरी गेल्या.

"तुला एप्रिलमध्येच माहीत होतं."

बालाजीरावांनी आधी वर्तमानपत्राची घडी केली. "अक्का, देवळाला हॉल पाहिजे. लोक लग्नं कोठें करायची? आणि अप्पांचं नाव लागतंय, तुला आनंद व्हायला नको?"

"मग मजकडून दगड कशास मोजवलेस?"

त्यांनी घडी केलेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. बाईंना कळलं. नकाशा दगडांसाठी नव्हताच. तो मास्तरांना दाखवण्यासाठी होता. चारशे सह्या गप्प बसवायला बालाजीरावांना बहिणीचा हात लागला होता.

"अप्पांची शपथ घेतलीस रे तू," एवढंच बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "ट्रस्टवर माझा विश्वास कधीच नव्हता," ते म्हणाले. "मी तुझ्यावर ठेवला होता." बाईंना वाटलं, यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग दोघांनी मिळून कोर्टात अर्ज केला. बाईंनी भावाविरुद्ध साक्ष दिली, दोनशे बारा दगडांचा नकाशा जोडला. निकाल यायला वर्ष लागलं. तोवर हॉल उभा राहिला होता. तो पाडायला कोर्ट तयार झालं नाही. जुने खांब शोधून देवळाच्या आवारात नीट उभे करा, असा हुकूम झाला. गोशाळेमागे, गवतात, तेरा खांब सापडले. एक याळी आणि दोन साधे खांब मिळालेच नाहीत. पागोटंवाला मिळाला, पण त्याचा चेहरा फुटला होता. तेरा खांब उत्तरेच्या भिंतीलगत ओळीने उभे केले. त्यांच्यावर छत नाही.

गेल्या वैशाखात सौम्याचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं. पत्रिका घेऊन सौम्या एकटीच आली. "आत्ते, तू येणार ना?" म्हणून रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं.

लग्नाच्या दिवशी पहाटे बाई रेशमी पातळ नेसून देवळात आल्या आणि तायारच्या सन्निधीत बसून राहिल्या. मंगळसूत्र बांधून झाल्यावर सौम्या नवऱ्याला घेऊन तिथे आली. बाईंनी दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आपल्या हातातली आईची पाटली काढून सौम्याच्या हातात चढवली.

मागून बालाजीराव आले. केस पिकले होते, चेहराही थकला होता. "अक्का, आत चल. पहिल्या पंगतीत तुझं पान मांडलंय."

"पोरीला आशीर्वाद दिला," बाई म्हणाल्या. "तिथे मी जेवणार नाही, बालाजी."

 हॉलमधून कुणीतरी हाक मारली, तसे बालाजीराव निघून गेले. बाईंनी तायारला नमस्कार केला, प्रदक्षिणा घातली, आणि घरी जाऊन स्वतःपुरता भात टाकला.