वाकडं बोट

रसायनशास्त्राच्या बाईंना कॉलेजात सगळे ‘बोटंवाल्या बाई’ म्हणत. अणूचं संकरण, म्हणजे त्याच्या इलेक्ट्रॉन-कक्षा कशा मिसळल्यात ते, ओळखायला त्या बोटं मोजायला लावत. शेजारच्या प्रत्येक अणूला एक ताठ बोट, मग बंध दुहेरी का असेना. आणि बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीला एक वाकडं बोट. एकूण तीन बोटं झाली तर एसपी टू, चार झाली तर एसपी थ्री. “वाकडंही मोजायचं बरं का!” हे तेवीस वर्षं त्यांच्या तोंडी होतं.

नवरा गेल्यावर महिन्याने आज त्या वर्गावर आल्या. जमलं नाही तर बारावीचा वर्ग दुसऱ्याकडे जाणार होता, म्हणून प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले होते. बाईंना मात्र हातातला खडूसुद्धा जाणवत नव्हता.

त्यांनी फळ्यावर अमोनिया काढला. नायट्रोजनभोवती तीन हायड्रोजन. तीन बोटं ताठ करून त्यांनी लिहून टाकलं, एसपी टू.

वर्गात चुळबुळ झाली.

“बाई, वाकडं राहिलं,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

“कुठलं गं?”

“नायट्रोजनवरची जोडी. तुम्हीच तर ओरडता, दिसत नाही म्हणून सोडू नका!”

“मग मोजा की. माझ्या तोंडाकडे काय बघताय?”

चाळीस हात वर झाले. तीन ताठ, एक वाकडं. “चार, बाई! एसपी थ्री!”

प्राचार्य उठले. “बारावी तुमच्याकडेच राहू द्या.”

“अहो, चुकले ना मी.”

“हो. पण पोरांनी पकडलं. ते कुणी शिकवलं?”

बाईंना बरं वाटलं नाही, वाईटही नाही. ‘टू’ पुसून त्यांनी ‘थ्री’ लिहिलं आणि घंटा होईपर्यंत शिकवत राहिल्या.