मास्तरांचा काळा कागद

काकूंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण काकडी चिरताना हात अजून प्रयोगशाळेतल्यासारखाच चालतो. "इतक्या पातळ चकत्या खायच्या की त्यातून पलीकडचं बघायचं?" नवरा विचारतो. काकू हसतात, आणि मनानं त्या मेणाच्या वासाच्या खोलीत जाऊन बसतात.

मेणात बसवलेल्या अवयवाच्या केसाहून बारीक चकत्या कापून काचेवर चढवायच्या, हे त्यांचं काम. शिकवलं प्रयोगशाळेतल्या जुन्या मास्तरांनी. माणूस खवट आणि हट्टी. गाभ्यापर्यंत पोचताना वरवरच्या ज्या फिती निघतात, त्याही टाकायच्या नाहीत. काळ्या कागदावर ओळीनं मांडून डब्यात ठेवायच्या, निकाल लागेपर्यंत. "म्हातारा केराचीही आरास मांडतो," काकू पाठीमागे म्हणायच्या. पण मास्तर वारले तरी हाताची सवय सुटली नाही.

मग संशोधन करणारी ती पोरगी आली. तिचे उंदीर जन्मतःच रोगाशी लढायची ताकद नसलेले. निरोगी प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, रंग दिल्यावर गुलाबीत लढाऊ पेशींची गोल जांभळी बेटं दिसतात, यांच्यात ती नसायचीच. रक्त घडवणाऱ्या मूळपेशी टोचल्या तर ती बेटं उभी राहतील का, एवढ्या एका प्रश्नापायी तिनं चार वर्षं घातली होती. शेवटच्या काचा पाहून ती उठली. "काकू, सगळं गुलाबीच. संपलं."

काकूंनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. त्या उंदरांच्या प्लीहा इवल्याशा. काकूंनी सवयीनं धडधाकट प्लीहेइतकं सोललं होतं. काचेवर नुसती गाभ्यापलीकडची साल उरली होती.

गप्प बसता आलं असतं. निवृत्तीला दोन महिने, आणि 'काकूंचा हात चुकत नाही' असा लौकिक.

"पोरी, तुझा प्रयोग नाही चुकला. मी चुकले. गाभा सोलण्यातच गेला."

"टाकला?" तिनं विचारलं.

काकू डब्याकडे धावल्या. काळ्या कागदावरच्या फिती कोमट पाण्यावर सोडल्या, काचेवर घेतल्या, रंगवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी मोजायला लागली, "एक बेट... दोन... काकू, अहो किती आहेत!" आणि गळ्यात पडून रडली.

'तुमचं बरोबर होतं' असं मास्तरांना जिवंतपणी एकदाही म्हटलं नाही, याची रुखरुख काकूंना आजही आहे. काकडीची सालं त्या ताटाच्या कडेला ओळीनं मांडतात. नवरा टाकायला उचलतो.

"राहू द्या हो जरा," काकू म्हणतात. "आधी जेवण होऊ दे."