रंगाचे सात हात

माझा मामा रंगारी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती रंगवता रंगवता त्याचा उजवा खांदा कामातून गेला. साठवलेल्या पैशांतून एक छोटा फ्लॅट घ्यायचा आणि त्याच्या भाड्यावर म्हातारपण काढायचं, असं त्याने ठरवलं. चुकलं असतं तर पुन्हा शिडीवर चढायची सोय नव्हती.

हिशेब मी मांडला, कारण घरात शहाणा मी. दोन फ्लॅट होते, किंमत जवळपास सारखी. एक चौथ्या मजल्यावरचा, नुकता रंगवलेला, रिकामा. दुसरा एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरचा, मळकट, भाडेकरूसकट. भाडं बरंच कमी. कर, देखभाल, दुरुस्ती वजा करून मी चौथ्या मजल्यावर बोट ठेवलं. मामी म्हणाली, "यात डोकं काय खाजवायचं?"

आम्ही तो बघायला गेलो, तर मामा दारामागच्या कोपऱ्यात नखाने भिंत खरवडत बसला. एजंट बिचारा खिडक्या दाखवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दहा वर्षांची इमारत आणि रंगाचे सात हात," मामा उठत म्हणाला. "वरून तिसरा मोतिया माझाच. भाड्याचं घर रंगवतात कधी? माणूस गेला की." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मधे घर रिकामं पडतं, ते महिने तुझ्या कागदात कुठे आहेत?"

नव्हते. मी वर्षाचे बाराही महिने भाडं धरलं होतं.

"पण तळमजल्याचा माणूसही जाऊ शकतो," मी चिडून म्हणालो.

"जाईल की. धोका तिथेही आहे. पण चार महिने घर रिकामं राहिलं तर तू पगारातून निभावशील. मी कशातून निभावू?"

तळमजल्यावर चष्मे दुरुस्त करणारा एक विधुर अकरा वर्षं राहत होता. त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलकट डाग पडला होता. मामाने तो डाग बराच वेळ पाहिला आणि तोच फ्लॅट घेतला. मामी वर्षभर माझ्या कागदाचे दाखले देत राहिली.

तिसऱ्या वर्षी चष्मेवाल्याचा निरोप आला, घर रंगवून द्याल का? रंगाचं काम आलं म्हणून घाबरलेला मामा मी पहिल्यांदाच पाहिला. तसाच चपला घालून तिकडे गेला.

"जाताय का?" त्याने दारातूनच विचारलं.

"जातो कुठे? मुलगी राहायला येतेय, म्हणून म्हटलं जरा उजळ दिसावं."

रंगासाठी मामा पहिल्या महिन्यापासून भाड्यातून थोडे पैसे बाजूला काढत आला होता. माझ्या हिशेबात तेही नव्हतं. त्याने एक ओळखीचा रंगारी लावला, आणि स्वतः खाली बसून त्याच्या चुका काढत राहिला. ब्रश त्या डागापाशी आला तसा मामा म्हणाला, "एवढं राहू दे. तिथे त्यांची खुर्ची येते."